आई कॅप्सूल गिळत होत्या (दमा, सीओपीडी आणि आपण घरचे)

कृष्णाकाठची

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात माझीच फजिती जास्त आहे.

सासूबाई 67 वर्षांच्या. कऱ्हाडकडच्या आमच्या गावी असतात. वीस वर्षं तरी त्यांना 'दमा' आहे. म्हणजे गावात सगळे तसंच म्हणतात. थंडी पडली की ढास लागायची, छाती भरायची. मग तालुक्याला जाऊन इंजेक्शन, सलाइन, पांढऱ्या गोळ्या, आणि पुढच्या थंडीपर्यंत कोणी विषय काढायचा नाही. या जानेवारीत न्हाणीघरातून ओसरीपर्यंत येतानाही धाप लागायला लागली, तेव्हा ह्यांनी त्यांना पुण्याला आणलं. छातीच्या डॉक्टरांना दाखवलं, औषधं आणली. सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल. मी रोज विचारायचे, "आई, औषध घेतलं?" त्या म्हणायच्या, "घेतलं की."

तीन महिन्यांनी फेरतपासणीला गेलो. फरक शून्य. डॉक्टर म्हणाले, "आजी, कसं घेता ते मला दाखवा बरं." आईंनी पिशवीतून कॅप्सूल काढली, तळहातावर ठेवली आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "पाणी द्या की जरा."

ती ओढायची कॅप्सूल होती. यंत्रात घालायची, पिरगळायची, पूड छातीत ओढायची. यंत्र देवघराच्या खणात होतं, खोक्यासकट. "मला वाटलं शिट्टी हाय, बाळ्याची," असं त्या म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण हा 'बाळ्या' म्हणजे माझा नऊ वर्षांचा मुलगा चौथ्या वर्षापासून दमेकरी आहे. त्याचा पंप, त्याचा स्पेसर (पंपाला जोडायचं पोकळ भांडं), त्याची फुंकायची नळी, सगळं मला तोंडपाठ. आणि त्याच घरात, त्याच टेबलावर, सासू तीन महिने ओढायचं औषध पाण्याबरोबर गिळतेय!

त्या दिवशी त्यांची नळीत फुंकायची तपासणीही नीट झाली. जानेवारीत खोकल्याच्या उबळीमुळे जमली नव्हती. निदान निघालं सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. दमा नव्हेच. डॉक्टरांनी विचारलं, "विडी, तंबाखू?" मिश्री लावतात, ते सांगितलं. "धूर?" "धूर कसला, मी बाईमाणूस." "बरं, स्वयंपाक कशावर?" यावर आई असं बघायला लागल्या की हा काय प्रश्न झाला. चुलीवर! चाळीस वर्षं. शेणी, तुराट्या, पावसाळ्यात ओली लाकडं. बिनखिडकीची सैपाकखोली, वर एक कौल काचेचं. ओली लाकडं पेटेनात की फुंकणी तोंडाला लावून फुंकायचं आणि पुढचा श्वास त्याच धुरात घ्यायचा.

आता घरात दोन आजारी, दोन वेगळे आजार आणि मी एक. दम खरंच वाढलाय की माणूस नुसतं घाबरलंय, हे घरी कसं ओळखता? शाळेत पंप कोणाकडे ठेवता? आईंच्या आंघोळीचं काय करू, त्यातच सगळा जीव जातो. तुमच्याही फजित्या सांगा, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

ओपीडी नंबर तीन

ताई, कॅप्सूल गिळणारे मला वर्षाला पाच-सहा तरी भेटतात. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापकही होते. चूक तुमच्या सासूबाईंची नाही. कॅप्सूल दिसायला गिळायचीच असते आणि यंत्र हातात धरून दाखवायला ना दवाखान्यात कोणाला वेळ, ना दुकानात. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, येताना औषधांची पिशवी आणा. फाइल विसरलात तरी चालेल. पिशवीतून काय काय निघतं! टोपण न काढता दाबलेले पंप, रिकामे झालेले पंप (औषध संपलं तरी गॅस उडत राहतो, माणसाला वाटतं चालू आहे), आईचा पंप मुलीला आणि मुलीचा शेजारणीला.

दमा आणि सीओपीडीतला फरक. दम्यात श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि ती नळी चिडकी असते. धूळ, थंड हवा, सर्दी, फटाके, कशानंही आवळते. औषधानं किंवा आपोआप पुन्हा सैल होते. म्हणून बाळ्या आज खेळतोय आणि रात्री दोनला उठून बसतो. सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुरानं नळ्या कायमच्या अरुंद होतात, फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे सैल पडतात, आत गेलेली हवा बाहेर निघत नाही. नळीत फुंकल्यावर निरोगी माणूस छातीतली 70 टक्क्यांहून जास्त हवा पहिल्या सेकंदात बाहेर टाकतो. नळ्या सैल करायचं औषध देऊनही हा आकडा 0.7 च्या, म्हणजे 70 टक्क्यांच्या खालीच राहिला तर सीओपीडी म्हणायचं. विडी न ओढणाऱ्या बायकांना सीओपीडी होतो हे आपल्याकडे डॉक्टरांच्याही गळी उतरायला वेळ लागला. पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी यावर खूप काम केलंय. 2009 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि पीटर बार्न्स यांचा लेख आला, विषयच 'धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी'.

एक विचारतो. सासूबाईंना काचबिंदूचे थेंब चालू आहेत का? टिमोलॉल असेल तर डोळ्यात घातलेला थेंबही रक्तात जाऊन श्वासनळी आवळतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दम सांगत नाहीत आणि छातीच्या डॉक्टरांना थेंब सांगत नाहीत. ते पिशवीत नसतात, फ्रिजच्या दारात असतात.

कृष्णाकाठची

थेंब आहेत! नाव बघते. (फ्रिजच्या दारातच आहेत. तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात का?)

जरा थांबा

सगळं ठीक आहे, पण पंपाची सवय लागते हे कोणीच का बोलत नाही? माझे मामा. आधी दिवसातून एकदा घ्यायचे, मग दोनदा, शेवटी शेवटी सहा-सात वेळा. खिशात पंप नसला की बाहेर पडायचे नाहीत. आणि लहान मुलाला स्टेरॉइड? उंची खुंटते. गोळी बरी, ती बंद तरी करता येते.

ओपीडी नंबर तीन

>>आधी दिवसातून एकदा, मग दोनदा, शेवटी सहा-सात वेळा<<

मामांचा पंप निळा होता ना? निळा म्हणजे तात्पुरती नळी सैल करणारा. घर गळतंय म्हणून खाली बादली ठेवणं, एवढंच त्याचं काम. गळती वाढली की बादल्या वाढतात, त्याला बादलीची सवय लागली असं आपण म्हणत नाही. छप्पर शाकारायचं औषध वेगळं. सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप, रोज घ्यायचा. दम नसताना घ्यायचा, हीच लोकांना न पटणारी गोष्ट. 2019 पासून तर दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. हल्ली बऱ्याच जणांना दोन्ही औषधं एकत्र असलेला पंप देतात. मामांना खिशातला पंप सोडवत नव्हता, कारण कोणी छप्पर बघितलंच नव्हतं.

गोळीचं म्हणाल, तर पंपाच्या एका झोतात 100 मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल असतं. तेच गोळीतून 4 मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसपट, आणि ते पोटातून रक्तात, मग सगळ्या अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते ती त्यामुळे. उंचीवर परिणाम होतो, खोटं बोलणार नाही. अनेक वर्षं पाठपुरावा केलेल्या मुलांत मोठेपणी साधारण एक सेंटिमीटरचा फरक दिसला. रात्र-रात्र न झोपणाऱ्या, खेळ सुटलेल्या मुलाचं काय काय खुंटतं, ते या एका सेंटिमीटरशेजारी ठेवून बघा. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची मात्र, नाहीतर तोंडात पांढरा बुरा येतो.

तात्या वऱ्हाडी

आता माझी फजिती ऐका. मी दम्यासाठी हैदराबादचा मासा खाऊन आलेला माणूस आहो. एकदा नाही, दोनदा.

मृग लागला की नामपल्लीच्या मैदानात ही गर्दी. बोटाएवढं मरळीचं जिवंत पिलू, त्याच्या तोंडात पिवळ्या औषधाचा गोळा, आणि ते आपल्या घशात. गुळगुळीत, वळवळतं. माझ्या मागच्या काकू शाकाहारी होत्या, त्यांना गुळात दिलं. मग घरी पथ्य. पहिल्या वर्षी खरंच बरं वाटलं. लोकांना सांगत सुटलो. आता समजते की माझा दम उन्हाळ्यातल्या धुळीचा, पाऊस पडला की तसाही उतरत होता. दुसऱ्या वर्षी हिंमत वाढली, रोजचा पंप बंद करून टाकला. पोळ्याच्या दिवशी बैलासमोर उभा होतो अन् शब्द निघेना. जिल्ह्याच्या गावी नेईपर्यंत ओठ निळे. मुलगा मोटरसायकलवर मागं धरून बसला होता, थ्यानंच नंतर सांगितलं.

मासा वाईट म्हणत नाही. पंप बंद केला तो गाढवपणा माझा. कोजागरीला दुधातून औषध देणारे आमच्या भागात आहेत, तिकडेही लोक जातात. जा ना बापा, चांदणं बघा. पंप खिशात ठेवून बघा.

गिरणगाव

दम वाढला कसा ओळखायचा, यावर आजोबांची आठवण. आजोबा लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग (कापूस विंचरायच्या) खात्यात. त्यांची छाती सोमवारी आवळायची. रविवारची सुटी झाली की सोमवारी दुपारी धाप, मंगळवारी कमी, शनिवारपर्यंत ठीक. आजी म्हणायची, कामाचा कंटाळा, दुसरं काय! सोमवारी डब्यात गुळाचा खडा जास्त. पुढे कधीतरी मला कळलं की याला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या धुळीचा आजार, आणि सुरुवातीला सोमवारी होणारा त्रास हीच त्याची खूण. कामगार विम्याच्या कायद्यात भरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत तो आहे. आजोबांना कोणी सांगितलं नाही, त्यांनी कधी अर्ज केला नाही. 82 चा संप झाला, गिरणी गेली, दम राहिला.

मुद्दा असा की दम कधी लागतो ते लिहून ठेवा. वार, वेळ, जागा, काय करत होतात. आजीला लिहिता येत असतं तर सोमवार कुणाच्या तरी लक्षात आला असता.

शाळेची घंटा

मी प्राथमिकला शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही. आमच्याकडे नियम होता की मुलांची सगळी औषधं ऑफिसच्या कपाटात. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे. एक दिवस खो-खो खेळताना चौथीतला एक मुलगा खाली बसला. मामा बँकेत गेलेले. एक सर म्हणाले, "नाटकं करतोय, हरत आले की यांना दम लागतो." मी त्याच्या गळ्याकडे बघितलं. हाडांच्या वरची खळगी प्रत्येक श्वासाला आत जात होती. नाटक करणाऱ्याला ती आत ओढता येत नाही.

कपाटाची काच फोडली. मीच फोडली. नंतर खुलासा लिहून द्यावा लागला, असो. आता पंप मुलाच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो आणि त्याच्या बाकावरच्या दोघांना माहीत असतं.

ओळखायची माझी पद्धत: मुलाला एका दमात पाढा म्हणायला सांगते. बरा असताना बेचा पाढा बे दाहे वीसपर्यंत सहज जातो. बे पंचे दहालाच श्वास घेतला की खेळ बंद.

ओपीडी नंबर तीन

बाई, तुमचा पाढा आम्ही दवाखान्यात आकडे मोजायला लावून करतो, गोष्ट तीच. बाळ्याकडे पीक फ्लो मीटर (फुंकरीचा वेग मोजायची नळी) असेल तर त्याचा बऱ्या दिवसांतला सर्वांत चांगला आकडा भिंतीवर लिहा. समजा 240 आहे. 192 च्या वर, म्हणजे 80 टक्क्यांच्या वर असला तर शाळेत जा. त्याखाली आला की डॉक्टरांनी लिहून दिलेलं जादा औषध सुरू. 120 च्या खाली, म्हणजे निम्म्यावर आला की वाट बघायची नाही, निघायचं.

आणि एक, जे लोक चुकतात. छातीतली सुंई-सुंई थांबली म्हणजे दम उतरला असं समजू नका. माणूस बोलायला लागला, आडवा झाला आणि आवाज थांबला तर उतरला. माणूस थकलाय, गुंगल्यासारखा झालाय, वाक्य पुरं होत नाही आणि आवाजही थांबलाय, तर हवाच जात नाहीये. तेव्हा 108.

मेलबर्नकर

इकडे प्रथमोपचार चाराच्या हिशेबानं शिकवतात. माणसाला बसवा, आडवं करू नका. निळ्या पंपाचे चार झोत स्पेसरमधून, पण एकेक करून, प्रत्येक झोताला चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नाही तर पुन्हा चार. तरी नाही तर अँब्युलन्सला फोन आणि ती येईपर्यंत चालू ठेवा. मुलाच्या शाळेत दमेकरी मुलासाठी डॉक्टरांनी भरलेला एक पानाचा कागद द्यावाच लागतो, दम लागला तर कोणी काय करायचं याचा.

मला हे कळलं ते 21 नोव्हेंबर 2016 ला. दिवसभर उकाडा, संध्याकाळी वादळ आलं. इकडच्या रायगवताचे परागकण वादळात भिजून फुटतात आणि त्याचा बारीक भुगा वाऱ्याबरोबर खाली येतो. एका रात्रीत हजारो लोक दवाखान्यात, दहा जण गेले. अनेकांना तोवर दमा असल्याचं माहीतच नव्हतं, नुसत्या वसंतातल्या शिंका. मीही त्यातलाच. आई पुण्याहून फोनवर सांगत होती, "ओवा शेक, छातीला लाव." ओवा शोधत बसलो असतो तर आज हे लिहायला नसतो. बायकोनं शेजारच्या मुलीचा पंप आणला.

आईची लेक

सहा वर्षांच्या मुलाला सर्दी-खोकल्याला माँटेलुकास्टची (दम्या-ॲलर्जीवरची) गोळी दिली होती, महिनाभर चालू होती. रात्री झोपेत किंचाळून उठायचा, दिवसा विनाकारण चिडायचा. आम्ही दृष्ट काढली. मग कोणीतरी सांगितलं, अमेरिकेत 2020 मध्ये या औषधावर झोप आणि मनावरच्या परिणामांबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावलाय. डॉक्टरांना विचारून बंद केली, आठवड्यात शांत झोपला. सगळ्या मुलांना होत नाही. पण होतं हे माहीत असतं तर मिरच्या वाचल्या असत्या.

चौथा मजला

आमच्याकडे तिसराच प्रकार. बाबांना आयएलडी, म्हणजे फुफ्फुसच चिवट होत जातं. पंपाचा फारसा उपयोग नसतो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "खिडकीत पारवे आहेत का?" एसीच्या मागे तीन घरटी होती आणि बाबा रोज सकाळी मूठभर ज्वारी टाकायचे, आजोबांच्या नावानं. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याचं फुफ्फुस परत येत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला आणि मग कबुतरांना दाणे टाकण्यावरून जे रणकंदन झालं, ते बाबा नाकात ऑक्सिजनची नळी घालून टीव्हीवर बघत होते. म्हणाले, "दोन्हीकडचे खरं बोलतायत. आवाज कमी कर."

ऑक्सिजनबद्दल अनुभवाचं. आमचं मशीन मिनिटाला पाच लिटरचं. डॉक्टरांनी दिवसाचे किमान 15 तास सांगितलेत. बाबांना वाटायचं धाप लागली की लावायचं, पंख्यासारखं. तसं नसतं. लांब नळी घ्या, म्हणजे माणूस खोलीत कोंडला जात नाही, पण नळीत पाय अडकतो, उंबऱ्याशी टेपनं चिकटवा. वीज गेली तर म्हणून एक भरलेला सिलिंडर, आणि तो भरलेला आहे का हे दर रविवारी बघायचं.

आणि देवघर! बाबांची रोज पूजा. ऑक्सिजन चालू असताना निरांजन, उदबत्ती, कापूर काही चालत नाही, नळी पेट घेऊ शकते. आम्ही विजेची समई आणली. पहिल्या दिवशी बाबांनी बटण दाबलं, नमस्कार केला आणि सवयीनं निरांजन ओवाळतात तशी प्लगची वायर धरून हात फिरवला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, पूजा तू कर, मी लांब बसून म्हणतो. आता तेच चालू आहे. माझे मंत्र चुकतात, ते लांबून दुरुस्त करतात, त्यात त्यांना धाप लागते.

फुंकर

मी फिजिओथेरपिस्ट. कृष्णाकाठच्या ताई, आंघोळीचं सांगते.

न्हाणीत पाठीचं प्लास्टिकचं स्टूल किंवा खुर्ची. उभ्यानं आंघोळ नको. गरम वाफेनं कोंदलेली न्हाणी नको, दार किलकिलं. डोक्यावरून तांब्या ओतताना हात वर जातात आणि श्वास रोखला जातो, तिथेच दम संपतो. तांब्या लहान घ्या, केस धुवायचा दिवस वेगळा. अंग पुसण्यापेक्षा मोठा जाड टॉवेल नुसता पांघरा, पाणी आपोआप टिपलं जातं.

धाप लागली की ओठांचा चंबू करून, बशीतला चहा गार करतो तशी सावकाश फुंकर. नाकानं दोन अंक मोजत श्वास आत, फुंकरीनं चार अंक बाहेर. सीओपीडीत अडचण हवा बाहेर टाकण्याची असते, 'मोठा श्वास घ्या' असं ओरडून काही होत नाही. बसवा, पुढे वाकवा, कोपरं टेबलावर किंवा मांडीवर. भोवती गर्दी नको. टेबल फॅनचा वारा तोंडावर सोडा, बऱ्याच जणांना खरंच हलकं वाटतं. गरम पाण्याची वाफ घेऊन दम उतरत नाही, भाजलेली मुलं मात्र मी पाहिली आहेत.

आणि "तुम्ही नुसतं बसा, आम्ही करतो" हे बंद करा. बसून बसून मांडीचे स्नायू जातात, मग चार पावलांतही धाप लागते. रोज थोडं चालवा, बोलता येईल इतक्या वेगानं. डॉक्टरांना विचारून फ्लूची आणि न्यूमोनियाची लस.

जरा थांबा

मामांचं आठवून गेले दोन दिवस अस्वस्थ आहे. त्यांच्याकडे निळाच होता. दुसरा कधी दिलाच नव्हता का, की दिला आणि आम्ही 'स्टेरॉइड आहे' म्हणून बंद केला, हे आता आठवत नाही. बहुतेक दुसरंच.

डासांची कॉइल लावतात त्यांनीही लक्ष द्या. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असा 2003 चा अभ्यास वाचला. मामांच्या उशाशी रोज असायची.

तात्या वऱ्हाडी

जरा थांबा भाऊ, तुम्ही एकटे नाही.

कृष्णाकाठची

उशीर झाला लिहायला. एकेक सांगते.

थेंब टिमोलॉलचेच निघाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बदलून दिले. न्हाणीत खुर्ची आली. आईंनी आधी "मी काय आजारी हाय का" म्हणून तिच्यावर बादली ठेवली, चार दिवसांनी बादली खाली आणि त्या वर. फुंकर त्यांना लगेच जमली, चाळीस वर्षांचा सराव. पहिल्या दिवशी ओठांचा चंबू करून फुंकलं आणि म्हणाल्या, "फुंकणीशिवाय फुकट फुकायचं व्हय?"

यंत्र शिकवायचं काम बाळ्यानं घेतलंय. मी शिकवायला गेले की त्या मान डोलवतात आणि ऐकत नाहीत. तो समोर बसून हुकूम सोडतो, "आजी, आधी सगळी हवा बाहेर. आता तोंड घट्ट. ओढ जोरात! थांब, थांब, दहापर्यंत. आता चूळ." मग यंत्र उघडून कॅप्सूलच्या टरफलात पूड राहिलीय का ते उजेडात धरून बघतो. राहिली असली की आजी नापास, पुन्हा ओढायची. आजी त्याचा पंप बघते आणि तीही त्याला नापास करते, बहुतेक वेळा उगाच. पूर्ण बऱ्या होणार नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलंय. पण परवा जिना चढून वर आल्या. दोनदा थांबून, पण आल्या.

गावी गॅस आहे बरं का, शेगडीवर कापड घालून झाकलेला. चहा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून, आणि भाकरीला चव चुलीचीच म्हणून. आता तिथे जाऊबाई असतात. काल फोनवर सहज म्हणाल्या, सकाळी उठलं की ढास लागते, चांगली अर्धा तास. कधीपासून विचारलं तर म्हणे, हे काय, नेहमीचंच.

रविवारी हे त्यांना आणायला जातायत. पिशवी घेऊन या म्हटलंय. आणि डोळ्यांचे थेंब असतील तर तेही.